नागोयाहून आमच्या वाडीत

कधी चिपळूणहून गुहागरला एस.टी.ने आलात, तर खिडकीजवळची जागा सोडू नका. मार्गताम्हाणे मागे पडलं, शृंगारतळी जवळ आली, की वाऱ्याला ओला, खारट वास यायला लागतो. पावसाळा असेल तर विचारूच नका! जांभ्या दगडांच्या गडग्यांवरसुद्धा शेवाळ चढतं, त्यातून नेचे डोकावतात, आणि कंडक्टरच्या खाकी सदऱ्यालाही हिरवी झाक आलीय की काय असं वाटतं.

आमच्या शाळेत यायचं तर शृंगारतळीला उतरायचं, दुसरी गाडी धरायची आणि वाशिष्ठीच्या खाडीच्या दिशेनं निघायचं. शेवटचा एक किलोमीटर पायीच. खाडीच्या पलीकडच्या काठावर दाभोळ. एके काळी तिथं अरबस्तानातून घोडे घेऊन गलबतं येत. आता धोपाव्याहून दाभोळला फेरीबोट जाते. तिच्यात मोटारी, मोटारसायकली, आंब्याच्या पेट्या आणि माहेरी निघालेल्या बायका असा सगळा संसार चढतो.

या गावात मी बदली होऊन आलो, तो जून महिना होता. पहिल्याच रात्री पाऊस कोसळत होता, वीज गेलेली, आणि मी कंदिलाजवळ बसून गळक्या छपराखाली कुठं भांडं ठेवायचं याचा विचार करत होतो. तेवढ्यात खालच्या अंगानं सूर ऐकू आले. तार छेडल्यासारखा टणटणीत आवाज, पण मध्येच तो सनईसारखा लांबत जायचा. पाऊस वाढला की बुडायचा, कमी झाला की पुन्हा वर यायचा.

सकाळी मुलांना विचारलं, "काल रात्री काय वाजत होतं रे?"

"बेंजो हाय तो, गुर्जी! खालच्या वाडीत पार्टी हाय ना आमची!"

बेंजो! मी मनातल्या मनात नाक मुरडलं.

का, ते सांगतो. मी मूळचा मिरजेकडचा. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं आणि सतारींचं गाव. तिथल्या गल्लीत मोठमोठे भोपळे वाळत घातलेले मी लहानपणापासून पाहत आलो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तिथं राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर तिथल्या दर्ग्यात आहे आणि दरवर्षी तिथं गाणं होतं. मला स्वतःला गाता येत नाही की वाजवता येत नाही, पण मिरजेकडचा म्हणून ऐट मात्र पुरेपूर! वाद्य म्हणजे सतार, वाद्य म्हणजे तंबोरा. बेंजो म्हणजे वरातीत ढोल-ताशाबरोबर कर्ण्यातून किंचाळणारी वस्तू, एवढंच माझं ज्ञान.

आता जे सांगणार आहे, ते सांगायला मला बरं वाटत नाही. पण ते वगळलं तर पुढचं काही कळणार नाही.

माझ्या वर्गात चौथीतला एक मुलगा होता. त्याचं नाव नाही सांगत. शाळा सुरू झाली तरी तो आठ दिवस आलाच नाही. जूनच्या सुरुवातीपर्यंत लग्नं चालू होती, आणि त्यांच्या घरच्या बेंजो पार्टीला हळदीच्या, वरातीच्या सुपाऱ्या होत्या. (सुपारी म्हणजे कार्यक्रमाचं ठरवणं, बरं का! गणपती बसवताना ठेवतो ती नव्हे.) नवव्या दिवशी तो आला. मी त्याला धडा वाचायला उभं केलं. चौथीतला मुलगा, पण अक्षर अक्षर लावत अडखळत होता. आणि वाचता वाचता त्याच्या डाव्या हाताची बोटं बाकावर नाचत होती, टकटक, टकटक. मला राग आला. सगळ्या वर्गासमोर मी म्हणालो, "बेंजो वाजवून पोट भरणार आहेस का रे जन्मभर?"

वर्ग हसला. तो हसला नाही. खाली बसला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी मी छत्री घेऊन खालच्या वाडीत गेलो. पडवीत त्याचे आजोबा बसले होते. सगळी वाडी त्यांना आबा म्हणते. त्यांच्यासमोर कांबळ्यावर एक लांबट लाकडी पेटी होती आणि खोबरेल तेलाचं बोट लावलेल्या फडक्यानं ते तिच्या तारा पुसत होते. पावसाळ्यात तारा गंजतात ना, म्हणून. नातू खांबाआड उभा.

मी म्हणालो, "आबा, मुलाला शाळेत पाठवा."

आबांनी मला चहा दिला. मग ती पेटी माझ्यापुढे सरकवली. "पाठवतो, गुर्जी. पर तुमी म्हनलात ना, की ह्यात काय हाय? मंग एक गानं काढून दावा. सोपं काढा. आरतीची चाल काढा."

मला काय येणार! मी कळा दाबल्या, तारा छेडल्या. झर्र झर्र असा आवाज झाला, जणू पत्र्याच्या डब्यात माशी अडकली आहे. खांबाआडून खुसखुस ऐकू आली. तो हसत होता. चार दिवसांत पहिल्यांदाच.

तिथंच ठरलं. दर शनिवारी दुपारी मी आबांकडे बेंजो शिकायला जायचं, आणि नंतर एक तास तिथंच पडवीत नातवाला वाचायला शिकवायचं. शाळा बुडवायची नाही, ही अट माझी. शिकणं अर्धवट सोडायचं नाही, ही अट आबांची.

आणि एक काम राहिलं होतं. सोमवारी वर्गात मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी गेल्या आठवड्यात एक वाक्य बोललो ते चुकीचं होतं. मला बेंजो काय असतो हेच माहीत नव्हतं." तो जमिनीकडे बघत बसला. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "गुर्जी, मंग आता आमी पन चुकलो तर मारणार नाय ना?"

आता हा बेंजो असतो तरी कसा, ते पाहू. तुमच्यापैकी काहींच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतलं ते तव्यासारखं गोल, लांब दांड्याचं वाद्य येईल. ते वेगळं. आपल्याकडच्या या बेंजोचं पुस्तकातलं नाव आहे बुलबुल तरंग. हातभर लांबीची अरुंद पेटी, तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तारा, एका बाजूला तारा पिळायच्या खुंट्या. आणि तारांच्या वर बटणांची रांग. गोल गोल बटणं, त्यांच्यावर आकडे. टाइपरायटर पाहिलाय का कधी? नसेल तर आजोबांना विचारा. अगदी तशा कळा! डाव्या हाताच्या बोटांनी कळ दाबायची आणि उजव्या हातात प्लास्टिकचा छोटा तुकडा धरून तारा छेडायच्या. आबांनी तो तुकडा जुन्या साबणाच्या डबीतून कापून घासून केला होता.

हा टाइपरायटर उगाच आठवला नाही. त्याची गंमत मला नंतर कळली.

झालं असं की, मी चिडून, म्हणजे स्वतःवर चिडून, या वाद्याची माहिती शोधायला लागलो. हे आलं कुठून? माझी कल्पना होती की कुणीतरी मुंबईत जोडतोड करून बनवलं असेल. पण उत्तर निघालं थेट जपानमध्ये! नागोया नावाच्या शहरात गोरो मोरिता नावाचे एक वादक होते. परदेशात वादनाचे कार्यक्रम करून ते आलेले होते. त्यांनी १९१२ साली जपानच्या जुन्या दोन तारांच्या वाद्याला टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. त्याच वर्षी जपानमध्ये नवा सम्राट गादीवर आला आणि तैशो नावाचा कालखंड सुरू झाला. म्हणून या वाद्याचं नाव पडलं तैशोगोतो, म्हणजे तैशो काळातलं कोतो. कोतो हे जपानचं मोठं, मानाचं तंतुवाद्य. ते शिकायला वर्षंच्या वर्षं लागतात. हे मात्र आकडे बघून कुणालाही वाजवता यावं असं. स्वस्त आणि सोपं. घराघरांत गेलं.

आणि मग ते बोटीत बसलं. हिंदुस्थानात आलं, इथं बुलबुल तरंग झालं. आता नकाशा उघडा बघू! नागोया शोधा, जपानच्या मधल्या मोठ्या बेटावर आहे. तिथून बोट फिरवत या. इंडोनेशियातल्या बाली बेटावर हे वाद्य पोचलं. पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात पोचलं. तिथल्या कारागिरांनी त्याला चांगलं लांबरुंद केलं आणि त्याचं नाव आहे बेंजू. आपल्या बेंजोचा सख्खा भाऊच म्हणा ना! तिकडचे बिलावल बेल्जियम हे बेंजूवादक फार नावाजलेले होते. तिथून समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, केनियातल्या मोंबासा बंदरात या. तिथल्या तारब नावाच्या गाण्यातही हे वाद्य आहे. आमच्या वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशावर मुलांनी दोरा लावून नागोया ते मुंबई अंतर मोजलं. नकाशाच्या प्रमाणात ते सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास आलं. मग एकानं मुंबई ते आपली शाळा असा उरलेला दोरा लावायचा प्रयत्न केला. तो एका नखाएवढासुद्धा झाला नाही.

शनिवारी हे सगळं आबांना सांगितलं. ते बराच वेळ पेटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंजे आमी इतकी वर्सं जपानी वाजवत होतो?"

पण मुंबईहून आमच्या वाडीत हा बेंजो कसा आला, ते कुठल्याही पुस्तकात नाही. ते आबांनाच ठाऊक.

आबा १९७४ साली गिरणीत लागले. लालबागच्या एका चाळीत, एका खोलीत गावचे दहाजण राहायचे. एका पाळीची माणसं उठली की दुसऱ्या पाळीची त्याच जागेवर झोपायची. चाळीच्या गणपतीत एक म्हातारा बेंजो वाजवायचा. आबा त्याच्या शेजारी बसून त्याची बोटं बघायचे. १९७९ साली बोनस मिळाला, तेव्हा त्यांनी त्या म्हाताऱ्याकडून हाच बेंजो विकत घेतला. घरी मनीऑर्डर त्या महिन्यात कमी गेली आणि आजीनं पत्रातून चांगलंच झाडलं! मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. महिने गेले, वर्ष गेलं. आबा एक पत्र्याची ट्रंक आणि कांबळ्यात गुंडाळलेला बेंजो घेऊन गावी परत आले. ते परतलेच नाहीत.

मी विचारलं, "संप मिटला कधी?"

"संप अजून कुनी मागं घेतलेला नाय, गुर्जी," आबा म्हणाले आणि तार पिळायला लागले.

गावात शेती होती, पण ती किती! चार महिने भात, मग काय? आबांनी ढोलवाले, ताशेवाले जमवले आणि बेंजो पार्टी उभी केली. गणपती, लग्नं, पूजा, पालखी. बेंजोच्या पैशांवर त्यांच्या दोन मुलींची लग्नं झाली आणि मुलगा बारावीपर्यंत शिकला. आणि मी त्यांच्या नातवाला विचारलं होतं, पोट भरणार का म्हणून.

बरं, आता शिकण्याकडे वळू. मला वाटलं होतं की मला हे चटकन येईल. कारण डी.एड.च्या आधी मी मिरजेला टायपिंगच्या क्लासला जाऊन तीस शब्दांची परीक्षा दिली होती. कळा बघितल्याशिवाय बोटं फिरवायची सवय होती. पण तीच सवय आडवी आली! टाइपरायटरवर कळ दाबली की लगेच सोडायची. सोडली नाहीत तर अक्षरं एकमेकांत अडकतात. बेंजोवर नेमकं उलट. कळ दाबून धरायची, पुढचा सूर येईपर्यंत. मध्येच बोट उचललंत, की तार मोकळी होते आणि भलताच सूर वाजतो.

"गुर्जी, बोट उचलू नका," नातू म्हणायचा.

मी उचलायचो.

"गुर्जी, परत उचललात."

वर्गात तो अडखळायचा आणि मी म्हणायचो, "पुढे, पुढे वाच." इथं मी अडखळायचो. पण तो "पुढे, पुढे" असं कधी म्हणाला नाही. माझं बोट धरायचा, कळेवर ठेवायचा आणि वरून आपलं बोट ठेवून दाबून धरायचा. दहा वर्षांचा मुलगा! मी दोन वर्षं अध्यापन विद्यालयात शिकलो, पाठ घेतले, त्यांचे गुण मिळवले.

दुसरी अडचण उजव्या हाताची. कळ आणि छेड एकाच क्षणी पडायला हवी. कळ आधी अर्धवट दाबली गेली की झर्र. उशिरा दाबली की दोन सूर. आणि सूर लांबवायचा असेल तर तो प्लास्टिकचा तुकडा तारांवर खालीवर, खालीवर, भराभर चालवायचा. पहिल्या रात्री मला जो सनईसारखा लांबलेला सूर वाटला होता, तो हाच. माझं मनगट असं भरून यायचं की सोमवारी फळ्यावर लिहिताना अक्षर वाकडं यायचं, आणि वर्गाला त्याचं कारण बरोब्बर माहीत असायचं.

एकदा मी मोजपट्टी घेऊन गेलो. मोकळी तार मोजली, ४८ सेंटिमीटर भरली. तिला आपण सा म्हणू या. मग नातवाला म्हटलं, वरचा सा दाब. आता वाजणारी तार किती उरली? त्यानं मोजलं, २४. बरोबर निम्मी! मग पंचम दाबला, उरली ३२. म्हणजे तीन भागांतले दोन. मध्यम दाबला, ३६ म्हणजे चारांतले तीन. तार आखूड झाली की सूर चढतो, आणि किती आखूड केली की कुठला सूर, हे अपूर्णांकांत बसतं. तुमच्या घरी गिटार, सतार काहीही असेल तर मोजून पाहा. अपूर्णांक म्हटलं की या मुलाच्या चेहऱ्यावर नेहमी मळभ यायचं. त्या दिवशी तो स्वतःहून म्हणाला, "गुर्जी, गंधार मोजू?" आणि आम्ही पेटीवरचे सगळे सूर मोजून काढले. आबा म्हणाले, "तुमी दोगं शिंपी झालात काय रे?"

त्यानं मला एक प्रश्नही विचारला, त्याचं उत्तर शोधायला मला आठवडा लागला. "दोनी हातांनी कळाच दाबल्या तर? छेडायचंच नाय." मी म्हणालो, तसं कसं वाजेल? पण मित्रांनो, वाजतं! अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये एमेट चॅपमन नावाचे गिटारवादक होते. त्यांनी १९६९ साली दोन्ही हातांची बोटं सरळ तारांवर आपटून वाजवायची रीत काढली आणि १९७४ पासून त्यासाठी खास वाद्य बनवून विकायला सुरुवात केली. त्याचं नाव स्टिक, म्हणजे चक्क काठी! गिटारसारखं पोट नाही, नुसती रुंद फळी आणि तिच्यावर तारा. ती अंगाशी उभी धरायची, आणि डावा हात एक वाजवतो तेव्हा उजवा हात दुसरंच वाजवू शकतो. हे सांगितल्यावर त्यानं लगेच बेंजोच्या कळांवर दोन्ही हात आपटून पाहिले. फारसं काही वाजलं नाही, पण एक कळ निखळली. ती बसवण्यात तो शनिवार गेला.

पालकांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर एक गोष्ट तुमच्यासाठी. बेंजोवर सतारीसारखी मींड येत नाही, सूर ठरल्या जागी पक्के बसवलेले असतात. म्हणून जाणकार त्याला कमी लेखतात. आपल्या बाजाच्या पेटीचंही असंच झालं होतं. १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी घातली गेली, आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. आज पेटीशिवाय आपलं भजन तरी होतं का? २०१६ साली रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, तो मुंबईतल्या अशाच वादकांवर होता. आमच्या वाडीतल्या सगळ्या पार्टीनं तो पाहिला. आबांचं मत विचारलं तर म्हणाले, "बोटं बरोबर नव्हती पडत त्याची."

गणपती आले. कोकणातले गणपती तुम्ही पाहिले नसतील, तर एकदा पाहाच. मुंबईहून चाकरमानी गाड्या भरभरून येतात. एरवी चार म्हातारी माणसं असलेल्या घरात तीस तीस पानं उठतात. रात्री घरोघर आरत्या, एका घरातून दुसऱ्या घरात टाळ घेऊन धावणारी पोरं. बेंजो पार्टीला तर श्वास घ्यायला फुरसत नाही.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाला सगळी वाडी पऱ्यावर निघाली. (पऱ्या म्हणजे पावसाळ्यात वाहणारा ओढा.) पाऊस नुकताच थांबला होता. आबांनी पट्टा काढून बेंजो माझ्या गळ्यात अडकवला. "गुर्जी, आता आरती तुमी." मी नको नको म्हणतोय, तोवर ताशा सुरूही झाला!

तीन महिने मी ती एकच चाल घोटली होती. पडवीत ती मला येत होती. पण इथं दोनशे माणसं, त्यात माझा अख्खा वर्ग पुढे ओळीनं उभा. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला माझं बोट उचललं गेलं. मग पुढचंही. वायर कर्ण्याला जोडलेली होती, त्यामुळे माझी चूक खाडीपलीकडे दाभोळलाही ऐकू गेली असेल! बोटं थिजली. उजवा हात मात्र भीतीनं आपोआप चालूच होता, खालीवर, खालीवर.

एवढ्यात माझ्या डाव्या काखेखालून एक लहान हात आत आला आणि कळांवर पडला. छेडत होतो मी, कळा दाबत होता तो. चाल पुन्हा रुळावर आली. लोकांना वाटलं हे ठरवूनच केलंय, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आरती संपेपर्यंत मी दोन्ही डोळे मिटून फक्त मनगट हलवत होतो. संपल्यावर त्याच्याकडे पाहिलं, तर तो गर्दीत शिरून मोदक मिळवण्याच्या मागे होता.

आता आबांच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडली आहेत. एका बैठकीत चार-पाच गाण्यांपलीकडे ते वाजवू शकत नाहीत. पार्टीतली माणसं दिवाळीनंतरच्या सुपाऱ्यांसाठी नातवाकडे बघतात. तो पुढच्या वर्षी पाचवीसाठी दुसऱ्या गावच्या शाळेत जाईल. तिथले शिक्षक त्याला जून महिन्यात काय म्हणतील, हे मला सांगता येत नाही. मी त्यांना भेटून येणार आहे. आबांनी कबूल केलंय की शाळेच्या दिवसांत लांबच्या सुपारीला त्याला न्यायचं नाही. मुलाच्या काकांनी अजून कबूल केलेलं नाही. त्यांच्याशी माझी दोनदा वादावादी झाली. तिसऱ्यांदा होणार आहे.

वाचनाचं म्हणाल तर धड्यांनी काही जमलं नाही. जमलं ते आबांच्या वहीनं. आबांकडे एक जाड वही आहे, चाळीत असल्यापासूनची. प्रत्येक पानावर एका गाण्याचं नाव, आणि खाली ते गाणं आकड्यांत. कळांवर असतात तेच आकडे. नातू सगळं कानानं वाजवायचा, वही त्यानं कधी उघडलीच नव्हती. एका शनिवारी मी ती उघडून म्हटलं, यातलं तुला न येणारं गाणं शोध. पण शोधायचं तर नाव वाचायला हवं! आबांचं अक्षर तर असं की मलाही भिंग लागावं. तो एकेक पान लावत बसला. पहिल्या दिवशी चार पानं झाली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो अर्ध्या वहीच्या पुढे गेला होता, आणि त्याला न येणारी नऊ गाणी सापडली होती. त्यातली काही आबाही विसरले होते.

गेल्या शनिवारी मी गेलो तर तो वहीच्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहीत होता. मला बघितल्यावर पान हातानं झाकलं. मग आबा ओरडले, तेव्हा हात काढला. वर आमच्या शाळेतल्या प्रार्थनेचं नाव होतं, 'प्रारथना' असं लिहिलेलं. खाली आकड्यांच्या चार ओळी होत्या. मी त्या ओळी वाजवून बघितल्या, एक आकडा सोडला तर सगळे बरोबर होते. आबा प्रत्येक पानाच्या तळाशी गाणं कुणाकडून शिकलो ते लिहून ठेवतात. त्या जागी त्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मी बसवलं. गुर्जींना अजून येत नाय."